सकाळ-संध्याकाळ फिरवणे

दिवाळी सरते, तुळशीचं लग्न लागतं, तरी आमच्या देवासला खरी थंडी अशी नसते. मग एका पहाटे वारा टेकडीवरून उतरतो, खिडकीच्या फटीतून थेट कानात शिरतो, तेव्हा हिवाळा लागला असं समजायचं. या वयात तो आधी माझ्या गुडघ्यांना कळतो आणि मग मला. गुडघे कुरकुर करतात, मी त्यांना रागावते, आणि शेवटी रजई पांघरून खिडकीशी येऊन बसते.

समोरच्या घरातली सून हल्ली पहाटे एक कुत्रं घेऊन निघते. मूठभर जीव, पण अंगात लोकरीचं जाकीट. तिच्या स्वतःच्या खांद्यावर साधी शाल आणि त्या कुत्र्याला गुंड्या लावलेलं जाकीट, हे पाहून मला हसूही येतं आणि थोडा रागही. काल न राहवून खिडकीतूनच विचारलं, “अगं, एवढ्या थंडीत कशाला गं बाहेर पडतेस?”

“काय करू आजी, ठंड तर बहुत आहे, पण याला घुमवावंच लागतं ना!” ती म्हणाली, आणि कुत्र्यामागे ओढली जात कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मी खिडकी लावून घेतली. चहा आला, तो गार झाला, माझ्या सुनेनं आतून दोनदा हाक मारली. घुमवावंच लागतं. आमच्या घरानं एक अख्खा हिवाळा या एवढ्या शब्दांवर काढला होता. तेव्हा मी परकर सांभाळत चालणारी पोर होते आणि कुत्र्याचं नाव टॉबी होतं.

आमचं गाव त्या काळी दोन राजांचं होतं. थोरली पाती आणि धाकटी पाती. घराणं एक, पण दरबार दोन, कचेऱ्या दोन, शिपाईही दोन तऱ्हेच्या पोशाखातले. मोठ्या रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून हसत सुटे. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. दोन भावांच्या चुली वेगळ्या असतात, तसं ते होतं. टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, मोठी माता आणि छोटी माता, आणि नवस बोलताना आम्ही कुणालाच दुखवत नसू.

माझे वडील, नाना, थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून होते. पगडी, उपरणं, कानावर बोरू. ‘मला वाटतं’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. हुकूम आहे, हुकूम नाही, कळवलं आहे, कळवण्यात आलेलं नाही, एवढ्या शब्दांत त्यांचा संसार चाले. आईनं भाजी काय करू म्हणून विचारलं तर “काल वांगं झालेलं आहे” असं उत्तर मिळे. त्यातून काय ते तिनं ओळखायचं.

आणि घरात आत्या होती, नानांची थोरली बहीण. तिला धारला दिलं होतं. वर्षभरातच ती बैलांच्या डमणीतून परत आली, डोईवरून विधवेचं तांबडं आलवण ओढून, आणि तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात राहिली. राहिली म्हणजे तिथून फारशी निघालीच नाही. पहाटे अंघोळ, मग दुपारपर्यंत सोवळ्यात स्वयंपाक. आम्हा पोरांना तिच्या अंगाला हात लावायची सक्त मनाई. मला ती फार आवडायची, पण मी तिला लांबूनच ओळखत होते. धार कसं आहे गं, म्हणून एकदा विचारलं, तर तिला तिथली विहीर आणि माजघर एवढंच सांगता आलं. डमणीला पडदे होते, ती म्हणाली. जातानाही आणि येतानाही.

त्या वर्षी नदीवरच्या पुलाचं काम पाहायला एक इंग्रज साहेब आणि त्याची मडम गावाबाहेर तंबू ठोकून राहिली होती. त्यांना दूध, लाकडं, कोंबड्या पोचवायची व्यवस्था नानांच्या गळ्यात पडली. कोंबडीचं नाव घेतलं की नाना घरी येऊन चूळ भरायचे. मग मडम आजारी पडली, दोघं घाईघाईनं मुंबईकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा चपराशी आमच्या ओट्याशी उभा. बगलेत पांढरं, झिपरं, मांजरापेक्षा थोडं मोठं असं कुत्रं.

“मुंशीजी, साब लोग लौटेंगे तब तक ये आपके पास रहेगा,” तो म्हणाला. “बरफ के मुल्क का जानवर है. बंधा रहेगा तो मर जाएगा. मेमसाब का हुकम है, सुबह-शाम घुमाना.”

नानांनी वर पाहिलं. “हुकूम?”

“हां जी, हुकम.”

झालं. आई दारामागून डोळे वटारत होती, पण हुकमापुढे आईचं काय चालणार? कुत्रं मागल्या अंगणात, लाकडांच्या खोपीत राहिलं. ओसरीच्या आत त्याला यायचं नाही असं आईनं बजावलं, आणि टॉबीनं ते पहिल्याच दिवशी मोडलं.

पहिले काही दिवस नाना स्वतः त्याला घेऊन गेले. पगडी घातलेला दरबारी माणूस आणि पुढे साखळीला ओढणारं बोटभर कुत्रं, हे पाहायला गल्लीतली दारं उघडायची. नाना कुत्र्याला फिरवतात की कुत्रं नानांना, अशी चर्चा पाणवठ्यावर रंगली. मग गड्याला पाठवून पाहिलं. त्यानं साखळी कडुनिंबाला बांधली आणि स्वतः बिडी ओढत बसला. कुत्रं साखळी सोडवून पळालं आणि तळ्याकाठी राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांपाशी सापडलं. नानांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. साहेबाचं कुत्रं हरवणं म्हणजे खेळ नव्हता.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसलेली आत्या हळूच म्हणाली, “मी नेते.”

कुणाला काही कळलंच नाही आधी.

“पहाटे अंघोळीच्या आधी नेते. आल्यावर मला अंघोळ करायचीच असते. कुत्र्याला शिवलं काय नि न शिवलं काय, पाणी तेवढंच लागतं. तुम्हा बाकीच्यांचा खोळंबा होतो.”

“आणि संध्याकाळी?” आईनं विचारलं.

“संध्याकाळी दुसरी अंघोळ करीन.”

“थंडीत? गार पाण्यानं?”

आत्यानं फुंकणी उचलली आणि चूल फुंकू लागली. नानांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “हुकूम आहे. कुणीतरी पाळलाच पाहिजे. यमूला बरोबर ने, कंदील धरायला.”

यमू म्हणजे मी. उबदार रजईतून मला ओढून काढण्याचा तो हुकूम मला मुळीच पसंत नव्हता.

त्या पहाटा अजून अंगावर येतात. गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत साचलेला, कुठल्यातरी घरात जातं चाललेलं, गुऱ्हाळाकडून येणारा उकळत्या रसाचा वास. मी पुढे कंदील घेऊन, मागे आत्या. तिच्या एका हातात साखळी असे आणि दुसऱ्या हातानं ती हनुवटीखाली पदर घट्ट धरून ठेवी. तोंडातून वाफ निघे. मी मुद्दाम मोठ्यानं श्वास सोडून वाफ काढायची. आत्यानं पाहिलं, आणि दोन-चार दिवसांनी तीही हळूच काढू लागली.

आम्ही आपल्या बाजूनं, म्हणजे थोरल्या पातीच्या बाजूनं जात असू. टॉबीला मात्र राज्यकारभाराची काही समज नव्हती. त्याला मुतायला धाकट्या पातीच्याच बाजूचे खांब आवडत. आत्या साखळी ओढायची, तो पाय रोवायचा. शेवटी ती इकडेतिकडे पाहून पटकन रस्ता ओलांडायची आणि तसंच परत यायची. परराज्यात जाऊन आल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

पहिल्यांदा तळ्यापाशी पोचलो तेव्हा ती थांबली. पाण्यावर धुकं चाललं होतं, छत्र्यांचे कळस तेवढे वर दिसत होते. “अगबाई,” ती म्हणाली, “इतकं मोठं आहे का गं आपलं देवास?” तिचा जन्म याच गावात झाला होता.

लोक आम्हाला टाळायचे, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. कामाला निघालेला माणूस आत्याला पाहून दारातच थबके, आत जाऊन पाणी पिऊन मग पुन्हा निघे. सकाळी सकाळी विधवेचं दर्शन नको. आत्याला ते ठाऊक होतं. कुणी समोरून येताना दिसलं की तीच आडोशाला होई, भिंतीकडे तोंड करून उभी राही. टॉबीही तिच्याबरोबर भिंतीकडे पाहत बसे. फक्त दूध घालायला येणारा रामाजी गवळी आम्हाला पाहून कधी थबकला नाही. “राम राम बाईजी,” म्हणायचा, आणि मग खाली वाकून, “राम राम साब.”

ते चालणं तिचं होतं. दुसरं काही तिचं नव्हतं आमच्या घरात. लुगडं नानांनी आणलेलं, ताट आईनं वाढलेलं. ते चालणं जाईल या भीतीनं ती रोज रात्री पान वाढताना नानांना विचारी, “साहेबाकडून काही कळलं का?”

“कळवण्यात आलेलं नाही,” नाना म्हणत, आणि ती वरण वाढायला पुढे होई. तिच्या हातातली पळी मग जराशी हलकी झालेली मला दिसायची.

हिवाळा मनात आला की मला तीळगुळाआधी ती एक पहाट आठवते. माघ असावा. रात्रभर अशी थंडी पडली होती की बंबातल्या पाण्यात हात घालवेना. आम्ही निघालो, घरांची रांग संपली, तळ्याकडची शेतं आली, आणि मी कंदील वर धरला. सगळं पांढरं होतं. बांधावरचं गवत, हरभरा, वालाचे वेल, अफूची कोवळी रोपं, सगळ्यांवर पिठासारखा थर. दंव गोठलं होतं. आमच्या माळव्यात याला पाळा म्हणतात, पण तेव्हा मी तो पहिल्यांदाच पाहत होते.

टॉबी थांबला. नाक खाली नेलं, वास घेतला, जीभ लावली. आणि मग त्या कुत्र्याला काय झालं कोण जाणे! इतके दिवस खांबामागून खांब हुंगत चालणारा तो जीव उलटा झाला, गवतात लोळला, उठला, गोल गोल धावला, भुंकला, पुन्हा लोळला. साखळी आत्याच्या हातून सुटली. तो पळत येऊन तिच्या पायांवर आदळायचा आणि पुन्हा पळायचा. त्याला आपलं घर सापडलं होतं. समुद्रापलीकडे कुठेतरी राहिलेलं त्याचं घर एका रात्रीत हरभऱ्याच्या शेतात येऊन पडलं होतं.

आणि आत्या हसली. पदराआड नाही, मोठ्यानं, पोट धरून. त्याच्यामागे धावली, अनवाणी, त्या बर्फासारख्या गवतातून. पदर डोक्यावरून खाली आला. तिच्या उघड्या डोक्याला पहाटेचा वारा लागत होता आणि तिला भान नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिचं हसणं ऐकलंच नव्हतं. तिला असा आवाज आहे हेच मला नवीन होतं.

बांधावरून रामाजी आला. आज त्यानं राम राम केला नाही. घागरी खाली ठेवून तो शेताकडे पाहत राहिला.

“पालो पड़ी ग्यो, बाईजी,” तो म्हणाला. “चणो सगळो बळी ग्यो. म्हारा खेत में अब कई नी बच्यो.”

आत्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिनं पदर वर घेतला. उन्हं वर आली तशी ती पांढरी पानं काळी पडत गेली, उकळतं पाणी ओतल्यासारखी मऊ होऊन खाली बसली. टॉबी मात्र अजून सावलीतला पांढरा तुकडा शोधत हिंडत होता. एकाच शेतात एकाला घर मिळालं आणि दुसऱ्याचं वर्ष गेलं. यातलं खरं कुठलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. दोन्ही खरी आहेत, यापलीकडे मी गेलेले नाही, आणि आता जाईन असं वाटत नाही. पण त्या हसण्याबद्दल मी कुणाला, अगदी देवालाही, आत्याला बोल लावू देणार नाही.

बोल लावणारे होतेच. समोरच्या बाजूचे दाजीकाका धाकट्या पातीच्या कचेरीत होते आणि पहाटे तळ्यावर जायचे. त्यांनी सारं पाहिलं होतं. दुपारी ते आमच्या ओसरीवर आले, आणि मी दाराआड उभी राहिले. माझ्यामागे, अंधारात, आत्या होती.

“नाना, तुमच्यासारख्या शहाण्याला मी काय सांगावं,” काका म्हणाले. “गावाचं पीक जळलं आणि बोडकी बाई तिथं उघड्या डोक्यानं हसत नाचत होती. लोक काय म्हणतात ठाऊक आहे? रोज पहाटे ही गावभर फिरते, म्हणून हे झालं. आजपासून हे बंद करा.”

मला मागून आत्याचा श्वास ऐकू येत होता. नाना भित्रे होते, हे मी प्रेमानंच सांगते. शिपाई दारात आला तरी त्यांची पगडी वाकडी व्हायची. आत्ताही त्यांचा हात आधी पगडीकडे गेला. पण ते म्हणाले, “पाळा थोरल्या पातीच्या शेतांत पडला आहे आणि धाकट्या पातीच्याही. त्याला कुणाचा हुकूम लागला नाही. कुत्र्याला फिरवण्याचा मात्र हुकूम आहे.”

“अहो, पण—”

“साहेबाच्या घरचा हुकूम आहे, दाजी. तुमची हरकत असेल तर ती तुमच्या दरबारातून आमच्या दरबारात येऊ द्या. आली की पाहू.”

एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जायला रस्ता ओलांडायचा एवढंच होतं, पण दाजीकाकांना ठाऊक होतं की कागद तो रस्ता किती दिवसांनी ओलांडतो. ते उठून गेले. नाना तसेच बसून होते. दिवस कलला तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यांनी आपली जाड धाबळी उंबऱ्यावर ठेवली आणि आत न पाहता म्हणाले, “अक्का, वेळ झाली. त्याला न्यायचं आहे ना?”

फाल्गुनात ऊन तापू लागलं. होळीच्या गोवऱ्या पोरं थापत होती, तेव्हा तो चपराशी परत आला. साहेब आता या कामावर येणार नव्हता, मडम विलायतेला निघाली होती आणि कुत्रं तिला हवं होतं. आत्या स्वयंपाकघरात होती. बाहेर यायला तिला कुणी सांगितलं नाही. टॉबी मागल्या अंगणातून ओढत ओढतच आला. नानांनी साखळी चपराश्याच्या हाती दिली आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, “रोज सुबह-शाम घुमाया. हुकूम में कोई कसर नहीं हुई. मेमसाब को बता देना.”

चपराशी हसला. “कैसा हुकम, मुंशीजी? मेमसाब ने तो कुछ कहा ही नहीं था. वो मैंने यूं ही बोल दिया था. नहीं तो आप लोग बांध के डाल देते बेचारे को.”

ओसरीवर नाना आणि मी, दोघंच होतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुष्कळ वेळ ते उपरण्याची घडी करत राहिले.

त्या रात्री पान वाढताना आत्यानं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती सवयीनं. दाराशी आत्या उभी होती, आलवण नीट घेऊन, धाबळी पांघरून. तीही सवयीनंच उठली असावी. आई चूल सारवत होती. ती चांगली होती आई, वाईट मनानं बोलली नाही, म्हणाली, “वन्सं, आता कशाला? कुत्रं गेलं ना.”

“हो, गेलं खरं,” आत्या म्हणाली. तिनं धाबळी खांद्यावरून काढली आणि घडी घालू लागली.

नाना ओट्यावर राखुंडीनं दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. जन्मात खोटा शब्द न बोललेला माणूस तो. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, “हुकूम सकाळ-संध्याकाळ बाहेर पडण्याचा होता. तो रद्द झाल्याचं मला अजून कुणी कळवलेलं नाही. यमू, कंदील घे.”

मी कंदील घेतला. आईनं एकदा नानांकडे, एकदा आत्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोतेरं हातात घेतलं.

आम्ही गल्लीत आलो. आत्या नेहमीच्या चालीनं चालू लागली, पण तिचा उजवा हात मधेच पुढे जाई, ओढ लागल्यासारखा, आणि रिकामाच परत येई. धाकट्या पातीचा पहिला खांब आला तेव्हा तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. मग तिनं खाली पाहिलं, कंदील माझ्या दुसऱ्या हातात दिला आणि माझा मोकळा झालेला हात धरला. तिचा हात इतका खरखरीत आणि इतका गरम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तळ्यापर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि येताना आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं आलो.